शकूताईंचं कलम अकरा

परवा आमची ईशा शाळेतून आली ती तणतणतच. इथे जर्मनीत, येना शहरातल्या शाळेत नववीत आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. त्या दिवशी वर्गात अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक शिकवली होती. मतं सगळे लोक देतात, पण अध्यक्ष निवडतात ते इलेक्टर नावाचे थोडे लोक. आपल्या राज्यानं ज्याला कौल दिला त्यालाच मत देऊ, असा शब्द या इलेक्टरांनी आधी दिलेला असतो. तरी त्यांतला एखादा ऐन वेळी भलत्यालाच मत देऊन मोकळा होतो. ईशाला हे काही सहन होत नव्हतं.

"दास इस्ट डॉख फेराट, बाबा!" फेराट म्हणजे गद्दारी. असली माणसं असतात तरी कशी, असं तिला विचारायचं होतं.

"एकीला मी चांगलं ओळखतो," मी म्हणालो. "तुला सायकल तिनंच शिकवली."

ईशाचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या पाहण्यात शकूताईंइतकं शब्दाला पक्कं माणूस दुसरं नव्हतं. माझ्याही पाहण्यात नाही. पंचाईत तीच आहे.

शकुंतला कदम, मूळच्या कराडच्या. येनाला येण्याआधी आम्ही बारा वर्षं र्युसेल्सहाइमला काढली, त्यातली बाराही त्यांच्या दोन गल्ल्या पलीकडे. ठेंगणा बांधा, कानापर्यंत कापलेले पांढरे केस, बारा महिने पायात डोंगर चढायचे बूट. साडी नेसली तरी डोक्यावर सायकलचं हेल्मेट असायचंच. गाडीचे सीटबेल्ट तपासण्याची नोकरी होती. पट्टा यंत्रात अडकवायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा, कितीला तुटला तो आकडा लिहायचा, की पुढचा पट्टा. "जन्मभर तोडातोड केली आणि वर शाबासकी मिळवली," असं स्वतःच सांगायच्या. लग्न केलं नव्हतं. नव्यानं आलेल्या एखाद्या वहिनींनी भोचकपणा करून कारण विचारलंच, तर उत्तर तयार असे.

"एक जण बघायला येणार होता, चार वाजता. साडेचारला आला. मी सव्वाचारलाच मैत्रिणीकडे निघून गेले."

यातलं खरं किती आणि खोटं किती, देव जाणे. पण ताईंना ओळखणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटलं नाही.

एकदा आमच्याकडे थालीपिठाची भाजणी घेऊन येते म्हणाल्या. वेळ दिली चार वाजून दहा मिनिटं. त्या दिवशी त्या माइन्झला गेल्या होत्या. बर्फ पडला आणि गाड्या बंद झाल्या. इथल्या गाड्या बंद व्हायला बर्फही लागत नाही म्हणा, पण त्या दिवशी खरंच पडला होता. आम्ही मनातून भाजणी सोडून दिली. चार वाजून आठ मिनिटांनी बेल वाजली. दारात ताई, भुवयांवर बर्फ, हातात स्टीलचा डबा. माइन्झहून तशाच सायकल मारत आल्या होत्या.

"अहो ताई, फोन करायचा ना! उद्या चाललं असतं," माझी बायको अनघा म्हणाली.

"तुला चाललं असतं गं. मी सांगितलं होतं ना चार-दहा?" मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "दोन मिनिटं लवकर आलेय. चहा नंतर टाक."

त्यांच्या फ्रिजच्या दारावर पिवळ्या चिठ्ठ्या असत. दूध आणा, बिल भरा असल्या नव्हेत. दुसऱ्याला दिलेला प्रत्येक शब्द एका चिठ्ठीवर उतरायचा. 'ईशा – सायकल.' 'अनघा – चकलीचा साचा.' 'निखिल – घर.' काम झालं की चिठ्ठी फाडायची, अर्धवट झालं तर तशीच राहू द्यायची. ईशाची चिठ्ठी चार महिने तिथे होती, कारण ईशा पडली की रुसून बसायची. ताई दर शनिवारी हजर. शेवटी ईशा एका दमात चौकापर्यंत गेली, तेव्हा ताईंनी घरी नेऊन तिच्याच हातानं ती चिठ्ठी फाडून घेतली. ते तुकडे पोरीनं कंपासपेटीत कितीतरी दिवस जपून ठेवले होते.

पण शकूताई म्हटलं की जर्मनीभरच्या मराठी पोरांना आठवतो तो त्यांचा फोन. आमची वेगवेगळ्या शहरांतली मंडळं एकत्र येऊन एक महासंघ झाला होता. नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांना अडीअडचणीला एक मदतीचा नंबर द्यायचा, असं महासंघानं ठरवलं. नंबर महासंघाचा, आणि तो ज्या जुन्या बटणांच्या मोबाईलवर वाजायचा तो ताईंच्या कमरेच्या पाऊचमध्ये. तीन रिंगांच्या आत उचलायचा, हा त्यांचा नियम. कुणी किल्ली आत विसरून बाहेर अडकलेला, कुणाला आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीतून, पत्र आलेलं, कुणाला वरणाला फोडणी कशी द्यायची तेवढंच विचारायचं असायचं. ताई सगळ्यांना एकाच सुरात म्हणत, "हां बाळा, बोल. मी ऐकतेय."

एकदा दुपारी लातूरहून एका बाईंचा फोन आला. मुलगा दोन दिवस फोन उचलत नव्हता. बाईंना रडू आवरेना. ताईंनी वसतिगृहाचं नाव विचारलं, तिथल्या हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला गाठलं, आणि त्याला जिना चढायला लावून दार ठोठावायला लावलं. आत चिरंजीव परीक्षेचा अभ्यास करत बसले होते. फोन पॅन्टच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये फिरून आला होता. ताईंनी त्याला हाउसमाइस्टरच्या फोनवरून आधी आईशी बोलायला लावलं, मग दहा मिनिटं स्वतः झोडपला. त्या बाईंना त्यांनी एक शब्द दिला. घरी येऊन चिठ्ठी लावली, 'लातूरच्या आई – या नंबरावर माणूस बोलेल.'

ही चिठ्ठी फाडता येण्यासारखी नव्हती. ती फ्रिजच्या एका कोपऱ्यात पिवळ्याची पांढरी होत गेली.

आता कलम अकराकडे येतो. जर्मनीत सात माणसं जमली की त्यांना फेराइन काढायची, म्हणजे रीतसर संस्था नोंदवायची हुक्की येते, आणि फेराइन म्हटली की घटना आलीच. महासंघाची घटना ताईंच्याच बैठकीच्या खोलीत लिहिली गेली. आमच्यातल्या एकाचा मेहुणा न्यू जर्सीला. त्यामुळे अध्यक्ष अमेरिकेसारखा निवडायचा असं ठरलं. प्रत्येक मंडळानं सभा घेऊन आपला उमेदवार पक्का करायचा आणि इलेक्टर पाठवायचे. इलेक्टरांनी सगळ्यांसमोर उभं राहून मत द्यायचं.

"आणि इलेक्टरनं दुसऱ्यालाच मत दिलं तर?" ताईंनी विचारलं.

"ताई, आपण मोदक खायला जमतो," मी म्हणालो. "इथे कोण कशाला फितूर होतंय?"

"मग लिहायला काय जातंय? लिही."

आणि त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. कलम अकरा, दिलेला शब्द मोडणाऱ्या इलेक्टरचं सभासदत्व एक वर्ष स्थगित, त्या काळात कुठल्याही मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला प्रवेश नाही. मत मात्र मोजायचं, कारण दिलेलं मत हे दिलेलं मत. सगळे हसले आणि मंजूर झालं. ताई हसल्या नाहीत.

पहिल्या दोन निवडणुका बिनविरोध झाल्या. तिसऱ्या वेळी आमच्या र्युसेल्सहाइमचा निखिल उभा राहिला. सॉफ्टवेअरमधला हुशार, उमदा मुलगा. जर्मनीत आला तेव्हा पहिले दोन महिने ताईंच्या सोफ्यावर झोपला होता. त्याला घर ताईंनी मिळवून दिलं, त्याच्या लग्नात मुंडावळ्या ताईंनी बांधल्या. दुसऱ्या बाजूला बर्लिनची गौरी, पीएचडी करणारी, चष्मा सतत नाकावरून घसरणारी, भाषण करताना स्वतःच पुढचं वाक्य विसरणारी. आमच्या सभेत प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी हात वर केले. इलेक्टर म्हणून ताई आणि मी. ताईंनी उभं राहून सांगितलं, "आमची दोन्ही मतं निखिलला." रात्री फ्रिजवर चिठ्ठी लागली, 'निखिल – मत.'

निवडणूक बर्लिनला, एका शाळेच्या सभागृहात, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी. सकाळी उमेदवारांची भाषणं झाली. निखिल छान बोलला. शेवटी म्हणाला, आता एक सरप्राइज. पडद्यावर एक अॅप झळकलं. विद्यार्थ्यानं मराठीत प्रश्न विचारायचा, यंत्र मराठीत उत्तर देणार, दिवसाचे चोवीस तास. पुढच्या महिन्यापासून मदतीचा नंबर बंद. "आणि इतकी वर्षं आपल्या सगळ्यांसाठी धावलेल्या शकूताईंना आता विश्रांती!" असं म्हणून त्यानं ताईंना मंचावर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पोराच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्याला वाटत होतं, आपण ताईंना मोठी भेट देतोय.

चहाच्या वेळी ताईंनी त्याला बाजूला घेतलं. शाल अंगावरच होती. मी बिस्किटं घेण्याच्या निमित्तानं जवळ उभा राहिलो.

"पोरा, यंत्र ठेव. चांगलं आहे. पण नंबर ठेव."

"ताई, बहुतेक प्रश्न तेच तेच असतात. किल्ली, पत्र, डॉक्टर..."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांसाठी ई-मेल आहे ना. दोन दिवसांत उत्तर."

"त्या लातूरच्या बाईंना मी काय सांगू? दोन दिवस थांबा?"

निखिल अवघडला. "ताई, अॅप बनवणाऱ्या टीमला मी शब्द दिलाय. दोन दोन सिस्टिम चालवायच्या नाहीत असं ठरलंय. आता मागे कसा फिरू? हे तुम्हीच तर शिकवलंत."

ताईंनी शाल सावरली. मग गौरीकडे गेल्या. ती कोपऱ्यात आपल्या भाषणाचे कागद गोळा करत होती. नंबराचं काय करणार, असं त्यांनी तिला विचारलं. "बंद कशाला करायचा?" गौरीनं विचारलं. "मीच आले तेव्हा पहिला फोन तुम्हाला केला होता. आठवतं का, मी नुसतीच रडत होते? पण ताई, तुमच्यासारखं जर्मन मला नाही हं येत." ताईंनी तिच्या नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि जागेवर येऊन बसल्या.

मतदानाला शहरांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. आमचं शहर शेवटी आलं. आमच्यापर्यंत आकडे पोचले तेव्हा गौरी सात, निखिल सहा. आमची दोन मतं पडली की निखिल अध्यक्ष. त्याच्या बायकोनं पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेतला होता.

आधी मी उठलो आणि निखिलचं नाव घेतलं. मी शब्द पाळला. खरं सांगायचं तर दुसरं काही करण्याची माझ्यात हिंमतच नव्हती. मलाही तो नंबर राहावा असं वाटत होतं. पण परत र्युसेल्सहाइमला जाऊन त्याच माणसांत राहायचं होतं.

मग ताई उठल्या.

"शकुंतला कदम, र्युसेल्सहाइम. मी निखिलला मत द्यायचा शब्द दिला होता." त्या थांबल्या. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पुढचं बोलायला वेळ लागला. "माझं मत गौरीला."

सभागृहात कुणी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे सांगितलं, "कलम अकरा. आजपासून एक वर्ष. लिहून घ्या." शाल काढली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली, त्यावर नारळ ठेवला आणि बाहेर गेल्या. निखिल तसाच बसून होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो आणि अजून वाईट वाटतं.

जेवणं, आभार, फोटो असं सगळं होऊन मी बाहेर आलो, तर ताई शाळेच्या पायऱ्यांवर. तीन तास तिथेच होत्या. परत एकाच गाडीनं जायचं असं आमचं ठरलेलं होतं.

परतीच्या गाडीत फुल्डा स्टेशन गेल्यावर त्या रडल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"बेल्ट तपासताना मी हाताखालच्या पोरांना सांगायचे," नाक पुसत म्हणाल्या, "न तुटणारा पट्टा नसतो. प्रत्येकाचा एक आकडा असतो. मला वाटायचं, माझा नाही."

"ताई, तुम्ही बरोबर केलंत."

"गप रे. बरोबर केलं म्हणून शब्द मोडला नाही असं होतं का? दोन्ही झालं."

र्युसेल्सहाइमच्या ग्रुपवर मग जे व्हायचं ते झालं. 'घरभेदी' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी वाचला. निखिलनं काही लिहिलं नाही. पण ताईंना रस्त्यात बघून तो पलीकडच्या फुटपाथवर जाऊ लागला, आणि ते ताईंना सगळ्यात जास्त लागलं. 'निखिल – मत' ही चिठ्ठी त्यांनी काढली नाही. "झालं नाही ना ते, मग फाडू कशी?" म्हणाल्या.

गौरीनं अध्यक्ष झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर कलम अकरा रद्द करायचा ठराव मांडला. ताईंनी तिला फोनवरच असा दम भरला की पोरीनं ठराव मागे घेतला. मग बंदी आहे तर फोन तरी कसा उचलता, असं कुणीतरी खोचकपणे विचारलं. ताईंनी घटना आणून दाखवली. बंदी कार्यक्रमांना होती, कामाला नव्हती. फोन त्यांच्याच कमरेला राहिला. गौरी आणि आणखी दोघी आठवड्यातून दोन दिवस उचलायला शिकू लागल्या. दिवाळी पहाटेला ताईंनी चकल्या केल्या, डबा हॉलच्या दारात माझ्या हातात दिला आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता परत गेल्या. संक्रांतीला तेच. कुणी म्हणे नाटकं करते म्हातारी. पण चकल्या सगळ्यांनी खाल्ल्या.

माझी येनाला बदली ठरली आणि त्या वर्षीचा गणपती हा आमचा र्युसेल्सहाइममधला शेवटचा ठरला. हॉल नेहमीचाच. फक्त शेजारचे लोक तक्रार करू लागले होते. रविवारी जर्मन माणसाला शांतता लागते. म्हणून हाउसमाइस्टरनं या वेळी अट घातली होती, खिडक्या पूर्ण वेळ बंद. मंडळातर्फे त्या कागदावर सही निखिलनं केली होती आणि सकाळपासून तो स्वतः एकेक खिडकी ओढून बघत होता.

आरतीच्या आधी मला काचेतून ताई दिसल्या. समोर सायकली लावायच्या जागी उभ्या होत्या. जरीकाठी साडी, बूट, डोक्यावर हेल्मेट. मी मोदकाची ताटली घेऊन बाहेर गेलो.

"अजून तेरा दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "ने आत."

मी वाद घालत होतो तेवढ्यात मागे दार वाजलं. निखिल. हातात छोटा डबा. वर्षभरात तो त्यांच्या इतक्या जवळ आला नव्हता. माझ्याकडे न बघता त्यानं डबा पुढे केला.

"हे मंडळाचे नाहीत. घरी केलेत. आमच्या घरच्या मोदकांना कलम नाही."

"नक्की?"

"शब्द देतो, ताई."

ताईंनी एक मोदक उचलला, आणि तेवढ्यात पाऊच वाजला. दुसऱ्या रिंगला फोन कानाला होता, मोदक दुसऱ्या हातात तसाच.

"हां बाळा, बोल. मी ऐकतेय." मग बराच वेळ नुसत्याच ऐकत राहिल्या. "नाही गं, काही काम नसलं तरी चालतं... कधी आलीस?... अकरा दिवस? आणि एकटीच आहेस खोलीत?... अगं, रडू नकोस. थांब, इथे आता आरती सुरू होतेय."

आत टाळ-झांजा वाजायला लागल्या होत्या. ताईंनी फोन हॉलच्या दिशेनं उंच धरला. पण खिडक्या बंद. बाहेर येत होती ती नुसती गुणगुण. त्या दोन पावलं पुढे गेल्या, उंबऱ्याअलीकडे थांबल्या, टाचा उंचावून हात आणखी वर केला. हातातला मोदक तसाच.

निखिल बघत होता. मग वळून आत गेला. मला वाटलं, पुन्हा रुसला. एवढ्यात समोरच्या खिडकीचा दांडा फिरला आणि खिडकी सताड उघडली. मग शेजारची. मग तिसरी. आरती धाडकन रस्त्यावर आली. समोरच्या बाल्कनीतले एक आजोबा पेपर खाली ठेवून उभे राहिले.

"अरे, कागदावर सही तुझी आहे ना?" ताई फोन वर धरूनच ओरडल्या.

"हो ताई," निखिल खिडकीतून म्हणाला आणि तिथेच उभा राहून टाळ्या वाजवू लागला.